टॉकीजची तिरडी

१

मधुसूदनचं काम तसं सोपं होतं, फक्त लाज वाटू द्यायची नव्हती. आणि नेमकी तीच त्याला ढीगभर वाटायची.

दुपारी तीनला दिलखुश टॉकीजच्या दारातून टांगा निघे. टांग्याच्या दोन्ही अंगांना चित्राचे फलक, पुढं हलगीवाला, आणि आत पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून मधुसूदन. शहागंज, सिटी चौक, गुलमंडी, पैठण गेट असा फेरा मारायचा, हँडबिलं उधळायची आणि सहाच्या खेळाआधी परत यायचं. निजामाच्या अमदानीत हा गडी मदरशात कारकून होता, म्हणून लोक अजून मुन्शीजी म्हणत. पोलीस ॲक्शननंतर उर्दू दफ्तरं बंद झाली आणि मुन्शीजींच्या हाती दौत-टाकाऐवजी भोंगा आला. घरी आईला, यमुनाबाईंना, त्यानं सांगितलं होतं की आपण टॉकीजच्या ऑफिसात टेबलावर बसतो. घर औरंगपुऱ्यात होतं. टांगेवाल्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, सगळं शहर हिंड पण औरंगपुऱ्यात चाक घालू नकोस.

त्रेपन्न सालच्या फाल्गुनात मुंबईहून भुताचं चित्र आलं. असं चित्र गावाला नवीनच होतं. मॅनेजर बद्रीनाथ फिल्मची पेटी उघडायच्या आधीच तयारीला लागला. लॉबीत एक खाट टाकली, खाटेशेजारी एक कंपाउंडर हुंगायची बाटली घेऊन बसवला आणि वर पाटी लावली, ‘कमजोर दिलवाले तशरीफ न लाएँ’. पाटी वाचून सगळे कमजोर दिलवाले पहिल्या दिवशीच रांगेत! लोकांची नस बद्रीनाथला बरोबर ठाऊक होती.

‘‘मुन्शीजी,’’ तो म्हणाला, ‘‘ये पिक्चर टांगे से नहीं चलेगा. तिरडी काढायची.’’

‘‘कसली?’’

‘‘तिरडी हो! मुडदा! चार माणसं खांद्यावर घेतील, तुम्ही पुढं भोंगा घेऊन चलायचं. पब्लिक खुद पूछेगी, कौन मरा.’’

मधुसूदन ब्राह्मणाच्या पोटचा. नाही म्हणावं असं फार वाटलं त्याला, पण नाही म्हणून जायचं कुठं? तो बुरुडाकडं गेला. बुरुडानं बांबू काढून दिले, दोन्ही हात जोडले आणि हळू आवाजात विचारलं, ‘‘कुणाचं गेलं, बाबा?’’

‘‘टॉकीजचं,’’ मधुसूदन म्हणाला आणि बांबू उचलून पळालाच.

२

तिरडीवर कडब्याचा माणूस बांधला. त्यावर पांढरं कापड आणि छातीवर पुठ्ठ्याची पाटी, ‘आज मेला, उद्या उठला! सहा आणि नऊ’. खांद्याला टॉकीजचीच माणसं होती. पुढं डोअरकीपर काकासाहेब, जो नावापुरताच साहेब, आणि पोस्टर डकवणारा कारभारी. मागं झाडलोट करणारा रामकिसन आणि पडदे ओढणारा फकिरा. फकिरा डावीकडं.

पहिल्या दिवशी जी धमाल उडाली ती विचारू नका. तिरडी दिसली की दुकानदार गल्ल्यावरून उठायचे, टोप्या उतरायच्या, बायका पदर सावरायच्या. मग पाटी दिसायची आणि सगळी गल्ली खो-खो हसायची. पोरंटोरं मागं, कुत्री त्यांच्या मागं. एका म्हाताऱ्यानं मात्र पाटीबिटी काही पाहिली नाही. चप्पल काढली, आला, आणि फकिराच्या शेजारी वीस पावलं खांदा देऊन हात जोडून निघून गेला. आपल्याकडं रस्त्यानं कुणाचीही तिरडी चालली तरी असा खांदा देतात, ओळख लागत नाही त्याला.

मधुसूदन भोंग्यात ओरडत पुढं चालला होता. ‘‘आला, आला, आला! मेलेला माणूस चालत आला!’’ सिटी चौकात त्याच्या एकदम ध्यानात आलं की तिरडीच्या पुढं चार पावलांवर ही जी जागा आहे ती मुलाची असते. मुलाच्या हातात विस्तवाचं मडकं असतं आणि तो ओरडत नसतो. त्यानं भोंगा खाली घेतला. मग बद्रीनाथचं तोंड आठवलं आणि पुन्हा वर धरला.

गुलमंडीला तिरडी खाली ठेवली, हँडबिलं वाटली. उचलताना फकिरा म्हणाला, ‘‘मुन्शीजी, ह्यो कोपरा लई जड लागतोय.’’

‘‘कडबा आहे रे तो!’’

‘‘व्हय, पर ह्यो कोपराच जड हाय. बाकीचं नाय.’’

काकासाहेब पुढून ओरडला, ‘‘फकिरा, सकाळी जेवलास का नाय?’’ सगळे हसले, फकिराही हसला आणि तिरडी उचलली. टॉकीजच्या दारात कोपरा टेकवल्यावर मात्र त्यानं सदरा सारून खांदा पाहिला. खांद्यावर लाल वळ उठला होता.

३

दुसऱ्या दिवशी मधुसूदननं माणसं बदलली. रामकिसन डावीकडं, फकिरा उजवीकडं. पैठण गेटपर्यंत रामकिसन घामानं निथळला. ‘‘दोन माणसांचं वझं हाय हितं,’’ तो म्हणाला, ‘‘जसं काय माझ्या आधी कुणी धरलंच न्हवतं.’’

कारभारीला मागं आणला. कारभारी आडदांड, पोती उचलणारा. तोही परत आल्यावर म्हणाला, ‘‘मला पुढंच ऱ्हाऊ द्या.’’

मधुसूदन शिकलेला माणूस. त्यानं कारणं शोधली. कुणी गंमत म्हणून पाणी ओतलं असेल, कडबा फुगला असेल. बांबू एका बाजूला ओला असेल. रस्ता डावीकडं उतरता असेल. पण शहागंजचा रस्ता डावीकडं उतरता असला तर परतीच्या वाटेवर उजवीकडं व्हायला हवा होता. शेवटी त्यानं तिरडी शेजारच्या सरकीच्या वखारीत नेली आणि काट्यावर चढवली. सगळी मिळून सतरा शेर. मग एकेक कोपरा टेकवून पाहिला, चारही सारखे. वखारवाला हसत म्हणाला, ‘‘मुन्शीजी, मुर्दा तोल रहे क्या?’’

‘‘बघा,’’ मधुसूदन गड्यांना म्हणाला, ‘‘काटा खोटं बोलतो का?’’

‘‘काटा बराबर हाय,’’ फकिरा म्हणाला. ‘‘खांद्यावर घेऊन बगा की एकडाव.’’

मधुसूदननं घेतला नाही. ‘‘माझं काम भोंग्याचं,’’ असं काहीतरी म्हणाला.

चित्र मात्र तुफान चाललं. पडद्यावरचा मुडदा उठून बसला की जनान्यात किंकाळ्या फुटायच्या, कंपाउंडर बाटली घेऊन धावायचा. मधुसूदनला त्या मुडद्याची कणभर भीती वाटली नाही. तो लॉबीत उभा राहायचा आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या तिरडीकडं बघायचा. ती तो स्वतः सरळ उभी करून ठेवायचा. थोड्या वेळानं पाहावं तर डावा कोपरा वीतभर खाली आलेला असायचा. फरशी गुळगुळीत आहे, घसरत असेल, असं तो स्वतःला सांगायचा. मग जाऊन पुन्हा सरळ करायचा.

४

आता मधुसूदननं खांदा का घेतला नाही, ते सांगायलाच हवं. ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याचे वडील अण्णा बिडकीनला कुलकर्णी होते. अठ्ठेचाळीस साली रझाकारांची धामधूम वाढली तेव्हा मधुसूदन आईला घेऊन गोदावरीपलीकडं शेवगावला निघून गेला. अण्णा आले नाहीत. ‘‘दफ्तर टाकून कुठं येऊ?’’ म्हणाले. श्रावणात निरोप आला की अण्णा अंथरुणाला खिळलेत, त्यांना घेऊन जा. आईनं दशम्या बांधून दिल्या आणि मधुसूदन निघाला.

तो पैठणपर्यंत गेला. नदी ओलांडली, धर्मशाळेत उतरला आणि तिथंच बसला. बिडकीन पुढं सहा कोसांवर. रस्त्यावर काय चाललंय याच्या हजार गोष्टी धर्मशाळेत ऐकायला मिळत होत्या, आणि त्यानं त्या सगळ्या खऱ्या मानल्या, कारण त्याला खऱ्या मानायच्याच होत्या. उद्या जाऊ, उद्या जाऊ असं म्हणत तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी बिडकीनचा एक गाडीवान भेटला. त्यानं सांगितलं की कुलकर्णी कालच गेले.

तेव्हाही जाता आलं असतं. तो गेला नाही. पैठणच्या घाटावर मिशी उतरवली, डोकं भादरलं, नदीत बुडी मारली आणि शेवगावला परतला. दारात आई उभी होती. तिनं त्याचं डोकं पाहिलं आणि तिला कळलं. फक्त एवढंच विचारलं, ‘‘तू होतास ना?’’

‘‘होतो,’’ मधुसूदन म्हणाला. ‘‘खांदा दिला, अग्नी दिला. पोचवून आलो.’’

आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताची त्याला अजून लाज वाटायची. त्यानंतर पाच वर्षं आल्यागेल्याला ती सांगत होती, ‘‘काय दिवस होते हो ते! तरी माझा मधू गेला. यांना मुलाचा खांदा मिळाला.’’ तो ऐकायचा आणि उठून आत जायचा. आईला वाटायचं, पोराला वडिलांच्या आठवणीनं भरून येतं.

५

चौथ्या दिवशी पैठण गेटला तिरडी टेकवली होती. बाजारचा दिवस, गर्दी दाट. मधुसूदन हँडबिलं वाटत असताना एक बाई टोपली डोक्यावरून उतरवून त्याच्यापुढं उभी राहिली.

‘‘दादा, वळखलं का? म्या सारजाबाई. बिडकीनची.’’

ओळखलं. अण्णांच्या वाड्याच्या मागंच तिचं घर. मधुसूदननं भोंगा पाठीमागं धरला.

‘‘लई वाईट वाटलं हो बघून,’’ ती म्हणाली. तिला राग नव्हता आला. ती खरंच हळहळत होती. ‘‘खेळ असंल तुमचा, असू द्या, पोटाला करावं लागतं. पर तुमच्या अण्णांचीच याद आली. त्यांची बी अशीच गेली, भर उन्हाची.’’

‘‘हां,’’ मधुसूदन म्हणाला.

‘‘गावात मानूस कुठं व्हतं? समदे पळालेले. आमचे मालक, एक मोमीन विणकर आन् मांगवाड्यातला तुका. तिघंच. बामनाच्या मयताला हात लावावा का नाय म्हनून दुपारपतुर थांबले, पर दुसरं येतंय कोन? चौथा खांदा मिळालाच नाय बघा. तिघांनीच नेली. मागचा डावा कोपरा लोंबतच गेला समद्या वाटंनं. आमचे मालक मरंस्तवर म्हनायचे, कुलकर्न्याला हिसके लई बसले.’’

मधुसूदनच्या हातातली हँडबिलं खाली पडली. त्यानं ती उचलली नाहीत. मागं तिरडीपाशी फकिरा उकिडवा बसून खांदा चोळत होता.

‘‘तुमास्नी ठावंच असंल म्हना,’’ सारजाबाई म्हणाली. ‘‘बाई कुठं असत्यात? आलेच हाय तर भेटून जाते.’’

‘‘आई वेरूळला गेलीय,’’ मधुसूदन म्हणाला. तोंडातून इतकं सहज आलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. ‘‘देवदर्शनाला. महिनाभर नाही यायची.’’

‘‘बरं, बरं. मंग पुढल्या बाजाराला यीन. सांगा सारजानं इचारलं म्हनून.’’

तिनं टोपली उचलली. जाता जाता तिरडीपाशी थांबली, वाकली आणि पाटीच्या खाली कापडाला हात लावून नमस्कार केला. मधुसूदनला वाटलं, आता ही हसेल. ती हसली नाही. हात मागं घेतला, तळव्याकडं पाहिलं, पदराला पुसला आणि वळून न बघता गर्दीत गेली.

६

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, ‘‘टेबलावर बसून बसून भूक मरते तुझी.’’ सांगून टाकावं असं दहादा मनात आलं. पुढच्या बाजाराला सारजाबाई येणार, औरंगपुरा विचारत विचारत घर गाठणार आणि आईची पाच वर्षं एका वाक्यात पुसणार. त्यापेक्षा आपणच सांगावं. पण आईनं दिवा मालवला, ‘‘नीज बाबा,’’ म्हणाली, आणि तो निजला.

पाचव्या दिवशी रामकिसन आलाच नाही. खांदा सुजून वर आला होता म्हणे. बद्रीनाथला त्याचं काही नव्हतं.

‘‘मुन्शीजी, चौथे तुम्ही. भोंगा राहू द्या आज. आखिरी दिन है, घुमाके लाओ.’’

‘‘मी?’’

‘‘मग काय मी लावू खांदा?’’

तिघंही त्याच्याकडं बघत होते. पुढं काकासाहेब आणि कारभारी उभे राहिलेच होते. फकिरानं मुकाट्यानं उजवी बाजू धरली. उरला मागचा डावा कोपरा.

मधुसूदन वाकला. बांबूखाली खांदा दिला, डोळे मिटले, आणि उठला.

काहीच नव्हतं तिथं. सतरा शेरांचा चौथा हिस्सा, तेवढंच. रिकामी टोपली उचलावी तसं. त्याला हसूच आलं. ‘‘काय रे, लेको!’’ तो म्हणाला. ‘‘चार दिवस माझं डोकं खाल्लंत!’’

‘‘जड नाय?’’ फकिरानं विचारलं.

‘‘पिसासारखं आहे!’’

फकिरा त्याच्याकडं बघत राहिला. मधुसूदनला इतकं मोकळं पाच वर्षांत वाटलं नव्हतं. सगळी मनाची भुतं! थकलेले गडी, उन्हाचा ताप, आणि सारजाबाईचं ते बोलणं. शहागंज गेलं, सिटी चौक गेला. तिरडीखालच्या माणसाला वर काय आहे ते दिसत नाही, पुढचा रस्ता आणि पुढच्याच्या टाचा दिसतात. तेही त्याला बरंच वाटलं. ओळखीचं कुणी असलंच तर तोंड बांबूआड होतं.

गुलमंडीच्या तोंडाशी पोलिसानं हात आडवा केला. नळाच्या खोदकामात एक मालमोटार फसली होती आणि सगळी वाहतूक तुंबली होती. ‘‘इधर से नहीं. औरंगपुरे से निकल जाव. जल्दी!’’

‘‘थांबा,’’ मधुसूदन म्हणाला. ‘‘परत फिरू.’’

पण मागून टांगे आणि हातगाड्या लोटल्या होत्या. काकासाहेब वळलासुद्धा. पुढचे वळले की मागच्यांना वळावंच लागतं.

७

गल्ली अरुंद होती आणि दुपारची निपचित पडलेली. पोरंही मागं आली नव्हती. चार माणसांच्या पावलांचा आवाज तेवढा भिंतींवर आपटत होता. मधुसूदनला वाटलं, चारांपेक्षा एक कमी येतोय. त्यानं मोजलं. तीनच ऐकू येत होते. आपण अनवाणी आहोत म्हणून, असं त्यानं ठरवलं. मग खाली पाहिलं. पायात चपला होत्या.

‘‘भरभर चला,’’ तो म्हणाला.

यमुनाबाई ओट्यावर तांदूळ पाखडत बसल्या होत्या. दारावरून तिरडी चालली की बसून राहायचं नसतं, म्हणून त्या सूप ठेवून उभ्या राहिल्या. मधुसूदननं तोंड बांबूकडं वळवलं. दहा पावलं, फक्त दहा पावलं. पाटी वाचेल, चुकचुकेल, आत जाईल. तिला वाचता येत नाही हे त्याला मग आठवलं.

‘‘थांबा हो,’’ आई म्हणाली.

ते थांबले. आई ओट्यावरून खाली उतरली. त्यांच्यात बायका तिरडीपाशी रस्त्यावर येत नसत, पण ती आली. मधुसूदनकडं तिनं पाहिलंही नाही. ती वर बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. बाहेरगावी गेलेलं माणूस अवेळी दारात उभं राहावं तसं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं, आणि ते मधुसूदनला भीतीहून वाईट वाटलं.

मधुसूदनच्या डोक्यापाशी कापडाची पायाकडची कड होती, तिथं चार दिवस कडब्याची टोकं दिसायची. त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, टोकं दिसली नाहीत. आईनं हात वर केला, कापड खाली ओढलं आणि तिचा अंगठा कापडाखाली गोल फिरला, एकदा, दोनदा. अण्णांच्या टाचांना थंडीत भेगा पडत. ती तिथं एरंडेल चोळायची, ते असंच.

वर बघायला नको म्हणून मधुसूदननं मान पुढं केली आणि तशीच धरून ठेवली.

‘‘मधू,’’ आई म्हणाली. आवाज अगदी रोजचा. ‘‘तू तर म्हणाला होतास, पोचवून आलो.’’

काय काय सांगता आलं असतं. हा खेळ आहे, आई. कडबा आहे. टॉकीजचं आहे. सगळं जिभेवर तयार होतं, आणि प्रत्येक शब्द खरा होता.

‘‘मी गेलोच नाही, आई,’’ तो म्हणाला. ‘‘पैठणलाच बसून राहिलो. भ्यायलो. तिघांनीच नेलं त्यांना.’’

आणि त्या क्षणी कोपरा खचला. एका माणसाचा, पुऱ्या माणसाचा भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावर आला. गुडघे वाकले, तोंडात माती यावी इतका तो खाली गेला. खांद्याच्या हाडावर बांबू रुतला आणि मानेवर, कापडातून, थंडगार असं काहीतरी येऊन टेकलं.

‘‘मुन्शीजी,’’ पलीकडून फकिरा म्हणाला, ‘‘आता बगा कसं हलकं झालं! बिलकूल वझं नाय.’’

पुढचे दोघं चालू लागले. टॉकीजचा रस्ता उजवीकडं होता, ते डावीकडं, मसणवाटेकडं वळले, आणि त्यांना कुणी काही विचारलं नाही. मधुसूदननं दात आवळून पाऊल उचललं. आईकडं बघायचा त्याला धीर नव्हता. ती रडेल, शिव्या देईल, दार लावून घेईल, यातलं काहीही झालं असतं तरी चाललं असतं.

ती त्याच्या शेजारून दोन पावलं चालली. मग त्याची पुढं आलेली मान तिनं हातानं सरळ केली, लहानपणी शाळेत जाताना टोपी सरळ करायची तशी.

‘‘खाली बघून चाल,’’ ती म्हणाली. ‘‘हिसका बसू देऊ नकोस त्यांना.’’